सिलेंडरची तारीख

जूनची १९ तारीख होती. अकाउंट्समध्ये काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, २० तारीख म्हणजे जीएसटीचं थ्रीबी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, त्याच्याआधी ७ ला टीडीएस, म्हणजे कापलेला कर भरणं, ११ ला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं रिटर्न, त्यामुळे महिन्याचे पहिले वीस दिवस कसे जातात ते कळतच नाही. त्यात पाऊस लागलेला, गाड्या लेट. फोर्टातून निघून डोंबिवलीला उतरले तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते, रिक्षाची लाइन पार जिन्यापर्यंत, म्हणून चालतच घरी आले. ओल्या साडीनेच कुकर लावला आणि कांदा चिरायला घेतला, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की शिट्टी होत नाहीये. वाकून बघितलं तर खाली आच नाही. सिलेंडर संपला होता.

दुसरा सिलेंडर बाल्कनीत होता पण तोही रिकामाच, तीन आठवड्यांपासून बुक करायचा राहिलेला. मला माहीत नव्हतं असं नाही. मला रोज आठवायचं. पण कधी, तर कुर्ल्याला गाडीत उभी असताना, जिथे हात वर करून पर्समधून मोबाइल काढायलाही जागा नसते. ऑफिसात पोचले की ते मागे पडायचं, घरी आले की आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गोळ्या पुढे यायच्या, रात्री अंथरुणावर पडलं की परत आठवायचं आणि वाटायचं उद्या नक्की. असे वीस-बावीस दिवस तो सिलेंडर मी डोक्यावर घेऊन फिरत होते.

मी तिथेच ओट्याखाली फरशीवर बसले. रडू नंतर आलं, आधी नुसतं उठताच येईना, पायात जीवच नाही असं वाटत होतं. मुलगा दारात येऊन उभा राहिला, काही बोलला नाही. नवरा आला, त्याने इंडक्शन काढून दिलं, मला पाणी दिलं आणि अगदी मायेनेच म्हणाला, "अगं मग मला सांगायचं ना, मी केला असता बुक."

केला असताच त्याने. खोटं नाही बोलत तो, आजपर्यंत सांगितलेलं एकही काम त्याने टाळलेलं नाही. पण त्या रात्री त्या वाक्याने मला जेवढं लागलं तेवढं कुणी ओरडलं असतं तरी लागलं नसतं, आणि का लागलं हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं. आता सांगता येतं, म्हणून हे लिहायला बसले.

थोडं आमच्या घराबद्दल सांगते. आम्ही चौघं. नवरा महापेला नोकरीला, मुलगा नुकताच दहावीत गेलेला, आणि सासूबाई, ज्या मार्चमध्ये बाथरूमच्या उंबऱ्यात घसरून पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून वॉकर, फिजिओथेरपीवाली बाई आठवड्यातून तीनदा, ड्रेसिंग, कॅल्शियमच्या गोळ्या, रात्री उठून बघणं. मुलाच्या क्लासच्या फीचे हप्ते, टेस्ट सिरीज, शाळेचे फॉर्म. कामाच्या मावशी महिन्यातून चार-पाच दिवस येत नाहीत त्याचं नियोजन. सोसायटीचं मेंटेनन्स, महावितरणचं बिल, दूध, दळण, इस्त्री, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, अहेर. ह्यातलं एकही काम मोठं नाही. एकेक वेगळं घेतलं तर दहा मिनिटांचं आहे. म्हणूनच तर कुणाला सांगताना लाज वाटते की मला हे झेपत नाही, कारण समोरचा विचारणार नक्की काय झेपत नाही, आणि आपण काय सांगणार, दळण?

त्या आधीच्या चार महिन्यांत मी सगळे उपाय करून बघितले होते. पहाटे पाच ऐवजी साडेचारला उठणं, मोबाइलमध्ये कामांच्या यादीचं ॲप टाकणं. ॲपने एवढंच झालं की आधी जे मला आपोआप आठवायचं ते आता टुंग करून वाजायला लागलं, तेही मीटिंगमध्ये. आणि साडेचारला उठून दुपारी कीबोर्डवर डोळे मिटायला लागले. पाठ, मान, चिडचिड, मुलावर विनाकारण आवाज चढवणं आणि मग झोपलेल्या त्याच्या केसांतून हात फिरवत बसणं. ते आठवलं की अजून आत कालवतं.

१९ तारखेनंतरच्या शनिवारी नवरा मला धरून आमच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी आपली मनाचं सांगत होते, की सगळं अंगावर येतंय, जीव घाबरा होतो, जिना चढताना धाप लागते. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा खालची पापणी ओढून बघितली. मग रक्त तपासायला दिलं, थायरॉइड, बी-१२, सगळं. थायरॉइड नॉर्मल आलं, हिमोग्लोबिन आलं ८.७. बाईचं १२ च्या खाली गेलं की त्याला रक्त कमी असं धरतात, आणि मी ८.७ वर लोकल पकडत होते. डॉक्टर म्हणाले, "बाकीचं बोलू आपण, पण आधी हे भरून काढू, अर्धी टाकी भरलेली असताना पूर्ण रस्ता कसा काढणार तुम्ही?"

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण माझ्या लोकलच्या डब्यातल्या जवळजवळ सगळ्या जणी "थकवा आहे गं, चालायचंच" ह्यावर थांबतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं होतं. म्हणजे आमच्या तीन जणींच्या बाकावर चौथी अर्धी टेकून बसते ना, त्या चौघींमधल्या दोघी. आपण त्याला स्वभाव म्हणतो, आळस म्हणतो, वय झालं म्हणतो. मला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं की चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, चहा आणि गोळीत निदान तासाभराचं अंतर ठेवा, लिंबू पिळून घ्या. मी आयुष्यभर सकाळचं जेवण म्हणजे उभ्याने चहा-बिस्किट असंच केलंय, सगळ्यांचे डबे भरून माझा डबा उरेल तेवढा. हे डॉक्टरांना सांगताना नवरा शेजारी बसला होता, त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू त्याला हे पहिल्यांदाच कळतंय, आणि खरंच पहिल्यांदाच कळत होतं.

गोळ्यांनी दीड-दोन महिन्यांनी धाप गेली. पण डोक्यातली गर्दी काही गोळ्यांनी जाणार नव्हती.

त्या रविवारी दुपारी मी मुलाची नववीची रफ वही घेतली, मागची कोरी पानं होती, आणि डोक्यात जे जे आहे ते लिहायला लागले. क्रम नाही, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं नाही. सिलेंडर. आईंचा पुढचा एक्स-रे. मुलाची पाण्याची बाटली गळतेय. माझ्या माहेरी फोन. पॅनकार्ड कुठे ठेवलंय. फ्रिजमधली कोथिंबीर काळी पडेल. मावशींना उचल हवीय. असं करत करत ६४ गोष्टी झाल्या. मग अकाउंट्सची सवय, मी दोन रकाने आखले. एका रकान्यात हे काम करतं कोण, दुसऱ्यात हे काम लक्षात कोण ठेवतं. पहिल्या रकान्यात सगळ्यांची नावं होती, नवऱ्याचं तर बरंच वेळा होतं. दुसऱ्या रकान्यात ६४ पैकी ५७ ठिकाणी मी होते.

तेव्हा मला कळलं की "मला सांगायचं ना" का लागलं. सांगणं हेच तर काम होतं. सिलेंडर बुक करायला दोन मिनिटं लागतात. तो कधी लावला होता, किती दिवस झाले, संपायला कधी येईल, आज बुक केला तर कधी येईल, तेव्हा घरी दार उघडायला कोण असेल, सुटे पैसे आहेत का, हे सगळं लक्षात ठेवून मग नवऱ्याला "बुक कर" म्हणणं म्हणजे नव्वद टक्के काम माझ्याकडेच राहिलं, आणि वर त्याने माझी मदत केली असा हिशोब झाला.

रात्री झोप येत नव्हती म्हणून ह्यावर वाचत बसले. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, बर्लिनला शिकत होत्या, त्यांनी १९२७ साली प्रयोग छापले होते की माणसांना छोटी छोटी कामं द्यायची आणि काही मध्येच अर्धवट थांबवायची, तर नंतर विचारल्यावर पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली जास्त आठवतात. पुढे सगळ्यांनाच तसाच निकाल मिळाला असं नाही, पण मला माझ्या सिलेंडरसाठी तेवढं पुरेसं होतं. त्याहून जास्त उपयोगी पडलं ते २०११ चं, मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर ह्या दोघांचं. त्यांनी दाखवलं की अर्धवट काम दुसऱ्या कामात लुडबुड करतं खरं, पण ते पूर्णच व्हायला पाहिजे असं नाही, ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी डोकं त्याला सोडून देतं. मला हे वाचून एकदम हलकं वाटलं, कारण ६४ कामं संपवणं माझ्या हातात नव्हतं पण प्रत्येकाला तारीख आणि माणूस देणं हातात होतं.

मग सोमवारी सकाळी आईंना वेणी घालताना मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत बराच वेळ. मग म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे कालनिर्णय होतं की."

मला आधी कळेना. मग त्या सांगायला लागल्या. कालनिर्णय १९७३ ला निघालं आणि त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदा घरात आलं ते त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावलं, त्याला दोरीने पेन्सिल बांधलेली. तारखेच्या चौकोनात दूध किती घेतलं, बाई आली नाही तर फुली, रॉकेल कधी आणलं, नंतर गॅस आल्यावर "गॅस लावला", कुणाचे पैसे देणं, पोरांची परीक्षा, सगळं. त्या घरी साड्यांना फॉल-बीडिंग करायच्या, कुणाच्या किती साड्या तेही तिथेच. आणि सासरे ऑफिसातून आले की चहा पिताना कॅलेंडरसमोर उभे राहायचे, काही विचारायचे नाहीत, बघायचे आणि पिशवी घेऊन निघायचे. "मला सांगावं लागायचं नाही गं काही, भिंतच सांगायची." असं म्हणाल्या.

कालनिर्णय आमच्याकडे आत्ताही आहे, भिंतीवर आहे, पण कोरं. चतुर्थी कधी आणि एकादशी कधी एवढ्यापुरतं. दुधाचा हिशोब ॲपवर, गॅस ॲपवर, शाळा व्हॉट्सॅप ग्रुपवर, फिजिओवालीचा नंबर माझ्या फोनमध्ये, आणि सगळी ॲप माझ्या फोनमध्ये. पूर्वी भिंतीवर असलेलं घर, जे येताजाता सगळ्यांना दिसायचं, ते आम्ही उचलून एका फोनमध्ये टाकलं आणि त्याला लॉक लावलं. कुणी मुद्दाम केलं नाही. सोय म्हणून झालं. पण मला अजूनही वाटतं की ह्या सोयीने आमच्या पिढीच्या बायकांचं काय झालं ह्याचा कुणी विचार केलेला नाही.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे आहेत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्यांमध्ये बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८. २०१९ ला तेच २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं थोडी घटली आणि मधलं अंतर जवळजवळ तसंच राहिलं. आणि ठाण्याजवळ दारात लटकताना मला कोथिंबीर आठवते ती मिनिटं ह्यात कुठे मोजणार, मला तर वाटतं ती कुणालाच नीट मोजता येणार नाहीत.

असो. त्या संध्याकाळी चौघं टेबलाशी बसलो. नवऱ्याने वही वाचली. दुसऱ्या रकान्यावर बोट फिरवत खाली आला आणि परत वर गेला. त्याने वाद घातला नाही, सॉरीही म्हणाला नाही, एवढंच विचारलं, "ह्यातलं मी कुठलं पूर्ण घेऊ?" पूर्ण हा शब्द त्याचाच.

मग आम्ही वाटलं. सिलेंडर, लाइट बिल, मेंटेनन्स, आईंचा डॉक्टर-एक्स-रे-फिजिओ-औषधं हे त्याचं, लक्षात ठेवण्यासकट. मी विचारायचंही नाही. हे विचारायचं नाही मला किती जड गेलं ते मी सांगू शकत नाही. ऑगस्टमध्ये त्याच्या हातून एकदा सिलेंडर संपलाच, रविवारी सकाळी पोहे फोडणीला टाकताना. माझ्या जिभेवर आलं होतं, मी बाहेर जाऊन बसले. तो इंडक्शनवर पोहे करून घेऊन आला आणि त्याच दिवशी त्याने कॅलेंडरवर पुढच्या तीन महिन्यांचे अंदाज लिहून टाकले, आमचा १४.२ किलोचा एक सिलेंडर ३५ ते ३८ दिवस जातो हे मला वीस वर्षांत कधी मोजावंसं वाटलं नव्हतं, त्याने मोजलं. माझी ती रात्र आणि त्याची ही सकाळ, दोन्हीत संपला तो सिलेंडरच.

मुलाने स्वतःचं सगळं घेतलं, डबा धुवायला टाकणं, बाटली, क्लासच्या फीच्या तारखा, आणि दुधाचा हिशोब. दहावीच्या मुलाला कशाला, असं माझी आई फोनवर म्हणाली. मला उलट वाटतं की त्याच्या बायकोला, किंवा तो एकटा राहिला तर त्याला स्वतःला, हे मार्कांपेक्षा जास्त लागणार आहे.

आणि आई. आम्ही वाटणी करत होतो तेव्हा त्या वॉकर धरून बसल्या होत्या, आम्ही त्यांना काही दिलंच नव्हतं, कसं देणार. सगळं संपल्यावर त्या म्हणाल्या, "मला काय?" मी म्हटलं, आई तुम्ही आराम करा. तर त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाल्या, "मार्चपासून आरामच करतेय गं. नुसतं विचारता, गोळी घेतली का, जेवलात का. माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही."

मी चार महिने स्वतःला विचारत होते की माझ्यावाचून सगळ्यांचं सगळं का अडतं. आणि भिंतीपलीकडच्या खोलीत ही बाई उलट्या दुःखात बसून होती. आम्ही दोघी एकाच घरात.

आईंनी "आज काय करायचं" हा प्रश्न घेतला. जिला रोज स्वयंपाक करायचा असतो तिलाच हा प्रश्न काय आहे ते कळेल, चिरणं-फोडणीपेक्षा तो प्रश्नच जास्त दमवतो. आता त्या आदल्या रात्री उद्याची भाजी कॅलेंडरवर लिहितात, भाजीवाल्याला त्याच फोन करतात, मावशींचे खाडे त्याच मांडतात, आणि मावशींशी त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं जमतं. पोळ्यांचाही त्यांनीच निकाल लावला. डोंबिवलीत पावलोपावली पोळी-भाजी केंद्रं आहेत, पण मी कधी पोळ्या आणल्या नाहीत, सासूबाईंना काय वाटेल म्हणून, ऑपरेशननंतर तर अजिबातच नाही. त्या म्हणाल्या, "महिनाअखेर आणि तुझी ती ७, ११, २० तारीख, त्या दिवशी आणि आदल्या दिवशी पोळ्या बाहेरच्या. मी लिहून ठेवलंय." लिहिलंही होतं, चौकोनात छोटंसं "पो. बा."

ऑफिसात मी फार काही करू शकले नाही हे प्रामाणिकपणे सांगते. ७, ११, २० बदलणार नाहीत, सरकारी तारखा आहेत. एकच केलं, संध्याकाळी साडेसहाला कुणी "हे जरा लगेच" घेऊन आलं की आता मी "उद्या अकरापर्यंत देते" म्हणते. पहिल्यांदा म्हणताना हात थरथरत होते. उद्या अकराला दिलं, समोरच्याने थँक्यू म्हटलं.

एक गोष्ट राहिली आणि ती महत्त्वाची आहे. गाडीतल्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला मी हे वहीचं सगळं उत्साहाने सांगत होते, तर ती मध्येच म्हणाली की तिला यादी करायचीच नाहीये, तिला सकाळी जाग येऊ नये असं वाटतं. ते वह्या-कॅलेंडरचं प्रकरण नाही. तिला मी त्याच दिवशी टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने सुरू केलेला आहे, फुकट आहे, दिवसरात्र असतो, मराठीत बोलता येतं. दिवा स्टेशनात गाडी थांबली होती तेव्हा तिने माझ्यासमोर लावला. मग डॉक्टर, औषधं सुरू झाली, आता ती परत गाडीत भाजी निवडायला बसते. तुम्हाला किंवा कुणाला असं वाटत असेल तर आधी तो फोन, वही नंतर.

आज परत १९ तारीख आहे. उशीर झाला, पावणेदहाला घरात शिरले. कॅलेंडरवर आजच्या चौकोनात तिघांची अक्षरं आहेत, मुलाचं "दूध १", नवऱ्याचं "गॅस बुक केला", आणि आईंचं ऑपरेशननंतर थोडं थरथरणारं "पो. बा., दुधी". पेन्सिल दोरीने बांधलेली आहे, दोरी आईंनी बांधली. ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं, लिंबाची फोड सुद्धा होती. जेवले, गोळी घेतली, आणि आत्ता आईंच्या खोलीत त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून हे टाइप करतेय. त्या जाग्या आहेत. विचारतायत उद्या वांगी चालतील का.